पाय धड आहेत, तरी व्हीलचेअर!

इंदापूरहून न्यू जर्सीला पोहोचायला किती वेळ लागतो? इंटरनेटवर शोधलंत तर फक्त विमानाचे तास सापडतील. आमच्या घरचा हिशेब वेगळा आहे. सोलापूर हायवे आणि एक्स्प्रेस वे धरून मुंबई विमानतळापर्यंत सहा-सात तास, कारण आईला गाडी लागते आणि मधे थांबावं लागतं. तीन तास आधी रिपोर्टिंग. मग तीन तासांचं पहिलं विमान, मधल्या विमानतळावर चार तासांचा मुक्काम आणि पुढे सलग चौदा तासांचं दुसरं विमान. वर इमिग्रेशनची रांग. झाले बत्तीस-तेहतीस तास! एवढ्या वेळात आमच्याकडची माणसं पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट उरकून घरी येतात आणि उसाला पाणीसुद्धा देतात.

मी हिंजवडीवाली. ऑनसाइटच्या कृपेने हा प्रवास चार वेळा झालाय. आयल सीट, नेक पिलो, दोन सिनेमे, एक अर्धवट झोप, बस्स. पण २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आई एकटी जाणार असं ठरलं आणि घरात टेन्शन सुरू झालं. ताईचं बाळंतपण तिकडे एडिसनला. बाबांना निघणं शक्यच नव्हतं, कारण कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, ऊस तोडीला आलेला आणि टोळी कधी येईल याचा नेम नाही. मला सुट्टी नाही. आईचं वय ६३, शिक्षण सातवी. हिंदी सीरियलपुरती, इंग्रजी ‘थँक्यू’पुरती.

अशा वेळी आमच्या मदतीला धावून येते ती बारामतीची मावशी. तिचा मुलगा टेक्सासात असल्यामुळे तिच्या दोन वाऱ्या झाल्यात. बारामती-इंदापूर पट्ट्यात अशा अनुभवी आयांचं एक अघोषित ट्रेनिंग सेंटरच आहे. हळदीकुंकवाला, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही क्लास भरतो. पायात सैल चपला घाल. तासा-दोन तासांनी उठून चाल, नाहीतर पाय सुजतात. पाणी मागून घे, लाजू नको. आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी पुडीत बांधून जवळ ठेव, कारण तिथलं सगळं आळणी लागतं.

मावशीच्या या शेवटच्या फंड्याला चक्क शास्त्राचा आधार आहे बरं का! लांबच्या विमानात आतला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे तुम्ही चौदा तास कळसूबाईपेक्षाही उंच जागी बसून जेवत असता. त्यात हवा अतिशय कोरडी. नाक सुकतं, मीठ आणि गोड दोन्ही कमी जाणवतं. ठेच्याची आठवण उगाच येत नाही.

पण मावशीचा मुख्य सल्ला वेगळाच होता. ‘व्हीलचेअर सांगून ठेव.’

आई भडकलीच. ‘मला काय धाड भरलीय? रोज कॅनॉलपर्यंत चालत जाऊन येते मी. खुर्चीत बसवून न्यायला म्हातारी झाले का?’

मावशी फोनवर शांत. ‘आक्का, पायांसाठी नाही गं. तोंडासाठी घ्यायची. खुर्चीत बसलीस की कुणाला काही विचारावं लागत नाही. पोरगा येतो, ढकलत नेतो, पार विमानाच्या दारात सोडतो.’

पायांसाठी नाही, तोंडासाठी! भारत-अमेरिका मार्गावरच्या विमानाच्या गेटवर कधी उभे राहिला असाल, तर खुर्च्यांची ती रांग तुम्ही पाहिली असेल. कित्येकांना खरोखरच गरज असते, गुडघे गेलेले असतात, धाप लागत असते. पण त्याच रांगेत अशाही आया असतात, ज्या घरी डोक्यावर वैरणीचा भारा वाहतात. त्यांचे पाय ठणठणीत असतात. फक्त गेट बदललं तर ते कुणाला आणि कसं विचारायचं, हे त्यांना माहीत नसतं.

एअर इंडियाचं विमान १४ मे १९६० ला पहिल्यांदा न्यूयॉर्कला गेलं, लंडनमार्गे. तेव्हा या प्रवासाला निघणारा माणूस सुटाबुटातला आणि इंग्रजी येणारा. २००७ मध्ये मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जाणारी सेवाही सुरू झाली. मधल्या काळात प्रवासी पार बदलला. सॉफ्टवेअरवाल्या पोरांमागोमाग नऊवारीतल्या आज्या निघाल्या, डिंकाचे लाडू घेऊन. विमानतळ मात्र अजून त्या सुटाबुटातल्या माणसाशीच बोलतात.

तर, हो-नाही करता करता आई खुर्चीला तयार झाली. निघालो त्या दिवशी भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसलं तसे बाबा म्हणाले, ‘आता पट्टकदंब येतील बघ. हिमालय ओलांडून येतात, त्यांना कुठं इंग्रजी येतं?’ बाबांचं खरं आहे. हे पक्षी सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरून उडाल्याची नोंद आहे. आई म्हणाली, ‘त्यांना कुणी पासपोर्ट मागत नाही.’

ती सुखरूप पोहोचली. नात झाली. सगळं छान. मधल्या विमानतळावर काय झालं ते तिने आठवड्याने, तेही मी खोदून विचारल्यावर सांगितलं. तिथल्या माणसाने खुर्ची एका कोपऱ्यात लावली आणि हाताने ‘थांबा’ अशी खूण करून तो गेला. स्वच्छतागृह समोरच, तीस पावलांवर. आई अडीच तास बसून राहिली. गेली नाही.

‘अगं, उठायचं ना!’

‘उठून चालले असते तर लोक म्हणाले असते, बाई लबाड आहे. पाय धड असून खुर्चीत बसली. पुढं कुणी नेलंच नसतं तर?’

मला काय बोलावं सुचेना. पाणीसुद्धा प्यायली नव्हती, पुन्हा जावं लागेल म्हणून. आणि पुढे चौदा तासांचं विमान! जिने आयुष्यात कधी बाजारात पाच रुपये जास्त घेतले नाहीत, तिला भाषा येत नाही म्हणून पाय नसल्याचं सोंग घ्यावं लागलं. वर ते सोंग प्रामाणिकपणे निभावण्यासाठी अडीच तास जीव मुठीत धरून बसावं लागलं.

परतीच्या वेळी, २०२४ च्या एप्रिलमध्ये, आईनेच ठरवलं. ‘मी चालत येणार.’ ताईने चौकशी केली तेव्हा कळलं की विमान कंपन्यांकडे ‘मीट अँड असिस्ट’ नावाचाही प्रकार असतो. खुर्ची नाही, नुसता सोबतीला माणूस. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे, कुठे मिळतं, कुठे नाही, कुठे पैसे पडतात. म्हणून तिकीट काढतानाच विचारायचं आणि निदान ४८ तास आधी पुन्हा खात्री करायची. आईला ते मिळालं. शिवाय ताईने एक कार्ड लॅमिनेट करून दिलं. एका बाजूला इंग्रजीत ‘मला मराठी येतं, मला या विमानाला जायचंय’, दुसऱ्या बाजूला तेच मराठीत, म्हणजे आपण काय दाखवतोय हे आईला कळावं.

आणि एक गोष्ट दोघींनी घरी घोकली. विमानाचा नंबर म्हणजे एसटीची पाटी. आधी दोन अक्षरं, मग आकडे. ती दोन अक्षरं आईने चित्रासारखी पाठ केली. आकडे तर तिला येतातच. उसाच्या बिलाचा हिशेब कोण ठेवतं आमच्याकडे?

मधल्या विमानतळावर गेट बदललंच. सोबतीचा माणूस तेव्हा जवळ नव्हता. आईने मोठ्या बोर्डवर आपली पाटी शोधली, समोरचा नवा आकडा पाहिला, आणि खात्रीसाठी फरशी पुसणाऱ्या एका बाईला कार्ड दाखवलं. बाईने हात करून दिशा दाखवली. आई आधी स्वच्छतागृहात जाऊन आली आणि मग गेटवर.

ज्यांना खुर्ची लागते त्यांना ती वेळेवर मिळायलाच हवी. आईसारख्यांनी ती अडवली की खरी गरज असलेली माणसं ताटकळतात. पण त्या आयांना लबाड ठरवण्याआधी हेही बघा, की मदत मागायला त्यांना दुसरा पर्याय कुणी दाखवलाच नाही. तुमची आई निघणार असेल तर तिकिटाबरोबर हा पर्यायही शोधा. एक कार्ड करा. नंबर वाचायला शिकवा. नेक पिलो नंतर घ्या.

आता बारामतीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये आमच्या आईसाहेबही फॅकल्टी झाल्यात. कुणाचा फोन आला की मावशीसारखी थेट उत्तर देत नाही. आधी विचारते, ‘बाई, पाय दुखतात का तुझे? की नुसतं बोलायचीच भीती वाटते?’