बिननावाची तबकडी

दिवाळीचा पहिला फटाका आमच्या घरी अंगणात फुटत नाही, माळ्यावर फुटतो. दसरा झाला, की आमची सौ. कमरेला पदर खोचते, डोक्याला फडके बांधते आणि शिडीवर चढते. मग वरून एकेक वस्तू खाली येते आणि प्रत्येक वस्तूबरोबर एकेक प्रश्न येतो. "अहो, हा मोडका पंखा कशाला ठेवलाय?" "ह्या डब्याचं झाकण कुठं गेलं?" मी खाली उभा राहून वस्तू झेलतो आणि प्रश्न चुकवतो. गेली दहा-बारा वर्षे त्यांतला एक प्रश्न अगदी ठरलेला आहे. चेन लावलेल्या चार जाडजूड काळ्या पिशव्या खाली येतात आणि सौ. विचारते, "ह्यांचं काय करायचं?"

"राहू दे," मी म्हणतो, आणि पिशव्या पुन्हा वर जातात.

त्या पिशव्यांत माझ्या सीड्या आहेत. असतील पाचशेच्या आसपास. मी २००१ पासून २०१२ पर्यंत, नोकरी सांभाळून, साताऱ्यात डीजे होतो. हे वाक्य लिहिताना मलाच हसू येते. शेजारच्या कार्यालयात वरातीचा दणदणाट सुरू झाला की आज खिडकी लावून घेणारा हा गृहस्थ एके काळी दुसऱ्यांच्या खिडक्या थरथरवत होता, हे कुणाला सांगून खरे वाटायचे नाही. पण होतो खरा. धंदा घरचाच होता. आमचे आबा १९६४ पासून लाऊडस्पीकर भाड्याने देत. दोन कर्णे, एक अॅम्प्लिफायर, एक मायक्रोफोन आणि लाकडी पेटीत ठेवलेल्या तबकड्या, एवढ्या भांडवलावर त्यांनी निम्म्या तालुक्याची लग्ने वाजवली. माझ्या हाती धंदा आला तेव्हा कर्णे जाऊन मोठाल्या पेट्या आल्या होत्या आणि तबकड्या जाऊन सीड्या आल्या होत्या.

सीडी म्हणजे काय, हे आता सांगावे लागते, कारण आमच्या कन्येच्या वयाची मुले तिला आरसा समजतात. बाजारात १९८२ साली आलेली ही प्लॅस्टिकची चकती सव्वा मिलिमीटरहूनही थोडी कमीच जाड. तिच्यावर पाच किलोमीटरहून लांब अशी एक बारीक रेघ आतून बाहेर गुंडाळलेली असते आणि प्रकाशाचा किरण त्या रेघेवरून धावत जाऊन गाणे वाचतो. कंपनीत छापलेली सीडी वेगळी आणि घरी राइट केलेली वेगळी. घरच्या सीडीत रंगाचा एक नाजूक थर असतो. यंत्रातला किरण तापून त्या रंगावर खुणा करतो. इंग्रजीत ह्या क्रियेला 'जाळणे' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ मला पुढे फार उशिरा कळला.

आमची राइट करण्याची रीत ठरलेली होती. यंत्र बावन्नपट वेगाने लिहायला तयार असे, पण मी आठपटीच्या पुढे जात नसे. घाईने लिहिलेली सीडी घरी वाजते आणि मांडवात अडते, हा अनुभव दोनदा घेतल्यावर माणूस शहाणा होतो. एका सीडीत ऐंशी मिनिटे, म्हणजे पंधरा-सोळा गाणी. गाणी विकत घेतलेल्या सीड्यांवरून येत, मित्रांकडून येत आणि ज्यांच्याविषयी न बोललेले बरे अशा काही वाटांनीही येत. शिवाय प्रत्येक सीडीच्या दोन प्रती काढाव्या लागत. आमच्याकडे सीडी वाजवणारी दोन यंत्रे असत. एकावर गाणे चालू असताना पुढचे गाणे दुसऱ्यावर तयार ठेवायचे. आता पुढचे गाणे नेमके त्याच सीडीत असले तर? म्हणून प्रत्येक सीडीला एक जुळी बहीण.

नाव लिहायचे तेही जपून. कागदाची चिठ्ठी चिकटवली की सीडीचा तोल जातो आणि ती यंत्रात थरथरते. बॉलपेनने लिहिले की खालचा चकचकीत थर दुखावतो. लोक सीडीची खालची बाजू पोटच्या पोरासारखी जपतात आणि वरची टेबलावर घासतात. खरे म्हणजे वरचीच कातडी पातळ असते. म्हणून मऊ टोकाचा मार्कर आणि हलका हात.

हे सगळे मला छान जमत होते. जमत नव्हती ती एकच गोष्ट. सीड्या लावायच्या कशा? मांडवात समोर पाचशे माणसे, एक गाणे संपायला अर्धा मिनिट उरलेला आणि पुढचे गाणे चार पिशव्यांतल्या कुठल्या कप्प्यात आहे हे आठवत नाही, ह्या क्षणाची भीती काय असते हे परीक्षेत पाठांतर विसरलेल्या विद्यार्थ्यालाच विचारावे.

प्रथम मी चित्रपटांच्या नावांप्रमाणे, अकारविल्हे लावून पाहिल्या. वाचनालयाला ती पद्धत ठीक. पण नाचणारा माणूस 'क'नंतर 'ख' मागत नाही. मग मला ठोक्यांचा शोध लागला. घड्याळ समोर धरून पंधरा सेकंदांत गाण्याचे ठोके मोजायचे आणि चाराने गुणायचे. कुणाचे नव्वद, कुणाचे एकशे चार, कुणाचे एकशे अठ्ठावीस. सारख्या ठोक्यांची गाणी एका सीडीत घातली, की एकातून दुसरे अलगद निघते आणि नाचणाऱ्याचा पाय चुकत नाही. मी महिनाभर खपून सगळ्या पिशव्या आकड्यांप्रमाणे लावल्या. आबा पाहत होते. काही बोलले नाहीत.

२००३ च्या वैशाखातले एक लग्न. संध्याकाळी बायकांना नाचायला रिंगण मोकळे केले होते. नवरीची आई एका बाजूला खुर्चीवर बसून होती. दोनच वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले होते. मैत्रिणींनी बराच आग्रह करून तिला उठवले. ती लाजत लाजत आली, दोन पावले नाचली, हसली. मी खूश झालो आणि पुढचे गाणे सोडले. ठोके तंतोतंत तेवढेच, एकशे चार. जोड कुठे लागला हे सांगूनही कळले नसते. पण त्या गाण्यातली बाई परतून न येणाऱ्या माणसाची वाट पाहत होती. नवरीची आई थांबली, पदर सावरला आणि पुन्हा जाऊन खुर्चीवर बसली. बाकीच्या नाचत राहिल्या. कुणाच्या ध्यानातही आले नसेल. माझ्याही आले नसते, पण आबा अॅम्प्लिफायरशेजारी बसले होते. ते उठले, पिशवीतून एक सीडी काढली आणि माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे लाव."

घरी येताना टेम्पोत ते एवढेच म्हणाले, "गाण्याला शब्द असतात रे."

त्यानंतरच्या पावसाळ्यात नाही, त्याच्या पुढच्या, २००४ च्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी सगळ्या सीड्या नव्याने लावल्या. आधीचा एक पावसाळा मला धीर झाला नाही म्हणा, किंवा लाज वाटली म्हणा. चातुर्मासात लग्ने नसतात. घरात बसून करायला काम हवेच असते. आबांनी माळ्यावरची आपली लाकडी पेटी खाली घेतली. तिच्यातल्या तबकड्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातलेले होते. मला वाटे, ते विकत घेतल्याचे क्रमांक असतील. ते होते लग्नातले प्रहर! एक म्हणजे पहाट, बिस्मिल्लाखाँची सनई. दोन म्हणजे वऱ्हाड येताना. तीन म्हणजे मुहूर्ताच्या आधीची धांदल. मग पंगती, मग दुपारची झोपाळू वेळ, मग वरात. माझे शिक्षण जास्त, त्यांची अक्कल जास्त, एवढाच तेव्हा आम्हां दोघांत फरक होता.

तीच पद्धत आम्ही सीड्यांना लावली. हळदीला पिवळी खूण, पंगतीला हिरवी, वरातीला लाल. खुणेखाली आबांची अक्षरे. 'बा' म्हणजे बायकांना आवडणारे. 'पो' म्हणजे पोरांचे. 'उ' म्हणजे बसलेल्याला उठवणारे. आणि 'ख' म्हणजे खुर्ची, नाचून दमलेल्या माणसांना मान राखून खाली बसवणारे गाणे. हा 'ख' मला जगातल्या कुठल्याही डीजेकडे दिसलेला नाही. पाठवणीच्या सीडीत मात्र त्यांनी मला एकही शब्दांचे गाणे घालू दिले नाही. नुसती सनई, आणि तीही हळू. "तेव्हा ज्याचं त्याचं आपापलं चाललेलं असतं," ते म्हणाले. "आपण मध्ये बोलू नये."

त्या दिवसांत एका दुपारी मी संगणकाचा मायक्रोफोन जोडून पाहत होतो. आबांना म्हटले, "काहीतरी बोला." ते खुर्चीत ताठ बसले, घसा साफ केला आणि तीस-चाळीस वर्षे मांडवामांडवांतून जे बोलत आले होते तेच बोलले. हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन. मंडळी, पहिली पंगत बसत आहे, लहान मुलांना आधी बसवावे. सावकाश जेवावे. मग शेवटच्या पंगतीची घोषणा. मुलीकडच्या मंडळींनी आता बसून घ्यावे. दिवसभर त्यांनी सर्वांना आग्रह केला, त्यांना आग्रह करायला कुणी नसते, म्हणून आम्ही करत आहोत.

मी ते एका सीडीवर उतरवले. तिची जुळी काढली नाही. ती कुणाला नाचवायला थोडीच होती? आणि तिच्यावर नावही लिहिले नाही. पाचशे सीड्यांत बिननावाची एकच, ती ओळखायला नाव कशाला, असा माझा हिशेब.

ग्रामोफोनच्या आरंभीच्या काळात माणसे माझ्यापेक्षा शहाणी होती. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. तबकड्या छापल्या जायच्या दूर जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना हा आवाज कुणाचा हे कसे कळणार? म्हणून गाणे संपता संपता ती स्वतःच आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत असे. आज सव्वाशे वर्षांनीही त्या तबकड्यांना कुणी बेवारस म्हणू शकत नाही.

आबा २००९ साली गेले. पुढे पेन ड्राइव्ह आले, माझ्या चार पिशव्यांतला ऐवज अंगठ्याएवढ्या डबीत मावू लागला आणि २०१२ साली मी धंदा आवरला. पिशव्या माळ्यावर गेल्या.

ह्या वर्षीच्या साफसफाईत पिशव्या खाली आल्या तेव्हा कन्या म्हणाली, "बाबा, मला आबांचा आवाज आठवतच नाही. तुम्ही म्हणता ती सीडी ऐकू या ना." ते गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. आता सीडी वाजवणारे यंत्र घरात उरलेले नाही. तिने मैत्रिणीकडून आणले. मी चारही पिशव्यांचा प्रत्येक कप्पा उलटला. पिवळ्या, हिरव्या, लाल सगळ्या हजर. बिननावाची नाही.

सौ. दारात उभी होती. तिने काही न बोलता गॅलरीकडे पाहिले.

गॅलरीत दोरीला चार सीड्या लटकत होत्या. चैत्रात कबुतरांनी कुंडीत घरटे मांडले, तेव्हा कुणीतरी तिला सांगितले होते की सीड्या टांगल्या म्हणजे चकाकीने कबुतरे येत नाहीत. तिने मला रीतसर विचारले होते, "ह्या काही न लिहिलेल्या घेऊ का?" आणि मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणालो होतो, "घे." तीन कोऱ्या होत्या. चौथी कोरी नव्हती, पण तिच्या कपाळावर तसे कुणी लिहिलेले नव्हते, आणि ते न लिहिणारा मीच होतो.

राइट केलेल्या सीडीला ऊन चालत नाही. ज्या रंगाच्या थरावर खुणा करायच्या तो प्रकाशानेच बदलणारा. मग किरणाने कोरलेले थोडेसे, आणि सूर्याने जाळलेले सगळे. सहा महिन्यांच्या उन्हापावसात चौघींचाही रंग उडाला होता. लिहिलेला भाग कोऱ्या भागापेक्षा किंचित वेगळ्या छटेचा दिसतो, तीही खूण उरली नव्हती. एकेक पुसून यंत्रात घातली. यंत्र घरघरले, थांबले, पुन्हा घरघरले आणि सीडी बाहेर आली. चारही वेळा तेच. आवाज गेला हे तर खरेच. पण त्या चारांतली आबांची कोणती, हेही कळायला मार्ग राहिला नाही.

सौ.च्या डोळ्यांत पाणी आले. मी म्हटले, "तुझी काही चूक नाही." हे मी सौजन्याने म्हणालो नाही.

थोड्या वेळाने कन्या म्हणाली, "ते काय बोलायचे ते तुम्हांला पाठ आहे ना? मग तुम्ही बोला." तिने फोन समोर धरला. मीही खुर्चीत ताठ बसलो, घसा साफ केला. आवाज माझाच होता, आबांचा नव्हता. पण शब्द सगळे आले, आणि 'त्यांना आग्रह करायला कुणी नसते' इथे मी अडलो तेव्हा पुढचे वाक्य सौ.ने पुरे केले. तिने ते आमच्या लग्नात ऐकले होते. ती शेवटच्या पंगतीला जेवली होती.

"नाव काय देऊ?" कन्येने विचारले. "नाहीतर फोन नुसता आकडा टाकतो."

"आबांची शेवटची पंगत," मी म्हणालो. मग मार्कर शोधला. चारही सीड्यांवर हलक्या हाताने 'आबा' असे लिहिले. तिघी उगाच मोठेपण घेत असतील, घेऊ देत.

गॅलरीत कबुतरे निवांत घुमत होती. सीड्या असताना ती तितकीच निवांत असत. पिशव्या पुन्हा माळ्यावर गेल्या, आणि ह्या खेपेस सौ.ने त्यांचे काय करायचे हे विचारले नाही. शिडीवरून हात खाली करून ती म्हणाली, "त्या चार माझ्याकडे द्या. कपाटात ठेवते. उन्हात नकोत."