दोन उत्तरांत माणूस मावतो का?

परवा पुतण्या मोबाईल घेऊन ओट्यावर आला. म्हणाला, "काका, १६ प्रश्नांची उत्तरं द्या, तुमचं राजकारण कळेल." अमेरिकेतल्या प्यू नावाच्या संशोधन संस्थेनं २०२१ साली दहा हजारांवर लोकांना विचारून तिथल्या जनतेचे नऊ गट पाडले, त्यातली ही चाचणी. गट तिकडचे, आपल्याला लागू नाहीत. पण गंमत म्हणून बसलो.

एक प्रश्न असा : सरकार लहान असावं नि सोयी कमी द्याव्यात, की मोठं असावं नि सोयी जास्त द्याव्यात? मी अडलो. पाटाचं पाणी वेळेवर सुटावं, हे सरकारनंच बघायचं. पण एका दाखल्यासाठी तालुक्याला चार खेपा झाल्या की वाटतं, सरकार जरा आटोपशीर असतं तर बरं! दोन्ही मतं माझीच. बोट मात्र एकावरच ठेवायचं. 'मोठं'वर ठेवलं.

निवडणुकीपासून थोरल्या भावाशी माझा अबोला. पुतण्यानं त्यालाही प्रश्न विचारले. गट एकच निघाला! मग आमची मतं वेगळ्या पक्षांना कशी? न राहवून मीच विचारायला गेलो. भाऊ म्हणाला, "विहीर ढासळली तेव्हा कोण धावून आलं होतं, आठव."

हा प्रश्न त्या १६ मध्ये नव्हता.

हजारोंचा कल जोखायला अशी चाचणी कामाची. पण शेजाऱ्यावर शिक्का मारण्याआधी, वाचकहो, त्याला एकदा "का?" एवढं विचारा.