परतीचे तिकीट

परदेशी जायचे म्हणजे व्हिसा हवा, आणि व्हिसा हवा म्हणजे कुठल्यातरी कचेरीत साहेबाच्या तोंडाकडे पाहत तिष्ठत बसायला हवे, अशी माझी पक्की समजूत. म्हणून मॉरिशसला जायचे ठरताच कागदांची जाडजूड फाईल काखोटीला मारून मी ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. त्याने ती उघडलीसुद्धा नाही.

“सर, सहलीला जाणाऱ्या भारतीयाला तिथं आगाऊ व्हिसा लागत नाही. पासपोर्ट, राहण्याचा पत्ता, खर्चापुरते पैसे आणि परतीचं तिकीट दाखवा, की झालं. निघण्याआधी एक फॉर्म तेवढा भरायचा.”

माझा जरा हिरमोडच झाला. पण खरी अडचण आली ती फॉर्म भरताना. येण्याचा हेतू काय? सहल, व्यवसाय वगैरे पर्याय होते, माझा नव्हता.

आमची आजी साखरेला ‘मोरस’ म्हणायची. मॉरिशसची साखर कोकणात येई, तिने बेटाचे नाव बरोबर आणले. माझ्या खापरपणजोबांचे धाकटे भाऊ रामा याच मोरसला ऊस तोडायला गेले. साखर आली, रामा आले नाहीत. पत्र नाही, मरणाची खबर नाही. त्यांच्या बायकोने शेवटपर्यंत कुंकू पुसले नाही, असे आजी सांगे. मोरस चहात घालतानाही तिचा हात किंचित थबके.

फॉर्मवर मी ‘सहल’ लिहिले.

निघायच्या आदल्या दिवशी आईने तुळशीचे रोप आणि परसातल्या मातीची पुडी पुढे केली. “अरे, त्यांच्या नावानं तिथं कुठंतरी ठेव.” मी तिला नियम समजावले. रोपाला आणि बियांना परवाना लागतो. मातीतले जीवजंतू आणि उसाचे साधे कांडे यांना तर साफ मज्जाव. पिकाला रोग लागू नये म्हणून ही खबरदारी. आईने निमूटपणे पुडी उचलली. “माणसं नेताना नाही का कुणी एवढं पाहिलं?” एवढेच म्हणाली.

पाहिले होते, पण निराळ्या डोळ्यांनी. पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. 2006 पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. 1834 ते 1920 या काळात जवळजवळ पाच लाख गिरमिटिये या बेटावर आले. बोटी कलकत्ता आणि मद्रासहून येत, तशा आपल्या मुंबईहूनही. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू येई तसे लिहिले जाई. पुढे 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की पोलीस धरीत. आणि परतीचा फुकट प्रवास? तो हक्क 1850 नंतरच्या काही वर्षांतच काढून घेतलेला.

विमानतळावरच्या तरुण अधिकाऱ्याने हसून विचारले होते, “परत कधी जाणार?” मी तिकीट दाखवले. त्याने शिक्का मारला. दोन मिनिटांचे काम! आज त्या दारातून आत जायचे, तर आपण परत जाणार हे पटवावे लागते. रामांना आत घेताना ते परत जाणार नाहीत, याचीच सोय अधिक पाहिलेली.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. मी तिथे गेलो. पण माझ्यापाशी होते काय? ‘रामा’ हे नाव, गावाचे नाव, आणि आजीची गोष्ट. ना क्रमांक, ना साल, ना बोट. हाती काही लागले नाही. तेथील मराठी माणसांत बापाचे किंवा आजाचे नाव आडनाव होऊन बसलेले पुष्कळदा आढळते. म्हणजे रस्त्यात भेटलेला एखादा माझा भाऊबंदही असेल, ओळखायचे कसे?

परतीच्या दिवशी पुन्हा घाटावर गेलो. बोटीतून उतरलेली माणसे ज्या दगडी पायऱ्या चढली, त्यांच्यापाशी उभा राहिलो. खिशातले तिकीट उगीचच दोनदा चाचपले आणि मग शरमून हात बाहेर काढला.

घरी आलो तेव्हा आईने चहा पुढे केला. काही विचारले नाही. ती मातीची पुडी तिने परसात तुळशीच्या मुळाशी रिकामी केलेली दिसली.

“साखर बेताची आहे,” ती म्हणाली. मी म्हटले, “मोरस म्हण.”