बटणांपलीकडचा धडा

संशोधन-भांडारात प्रबंध चढवणाऱ्या माणसाला बटणं शिकवून भागत नाही. निर्णय घ्यायला शिकवावं लागतं. बटणं बदलत राहतात. शोधगंगा हे प्रबंधांचं राष्ट्रीय भांडार ज्या डीस्पेस प्रणालीवर उभं राहिलं, तिच्या २०२१च्या सातव्या आवृत्तीने वापरायचा पडदाच नवा केला. 'इथे क्लिक करा, मग तिथे' असे धडे अशा वेळी रद्दीत जातात. संशोधकाचं आडनाव आधी की नाव आधी, हा प्रश्न मात्र कुठल्याही आवृत्तीत सुटत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावात राहून मी विद्यापीठांचे प्रबंध विभाग आणि कॉलेजांची ग्रंथालयं यांतल्या मंडळींसाठी मराठीत ऑनलाइन धडे तयार करतो. पदवी जाहीर झाल्यावर तीस दिवसांत प्रबंधाची सॉफ्ट कॉपी द्यावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९च्या नियमांनी ठरवलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची शोधगंगा त्यातूनच भरत गेली. पण ती भरणारा माणूस बहुतेकदा आवक-जावक, परीक्षेचे अर्ज आणि पुस्तकांची देवघेव सांभाळून हे काम करतो. त्याला भाषण नको असतं, अडलेलं सुटायला हवं असतं.

म्हणून माझा धडा मी मुद्दाम बिघडवलेल्या नोंदीपासून सुरू होतो. एका नोंदीत 'राठोड एस. बी.', दुसरीत 'एस. बी. राठोड', तिसरीत पूर्ण नाव. माणूस एकच, हे शिकणाऱ्याला मी सांगायची गरज नसते. संगणक मात्र या एकाच माणसाचे तीन संशोधक करतो, हे यादीत दिसलं की नियम पाठ करावा लागत नाही.

फाइलींचंही तसंच. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रकरणं अशा वेगळ्या पीडीएफ होतात. त्यांना १, २, १० अशी नावं दिली, तर साध्या अक्षरक्रमात १० हे २च्या आधी बसतं. म्हणून ०१, ०२. मराठी प्रबंधाची परीक्षा आणखी सोपी: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. अक्षरांचा चिवडा झाला, तर मजकूर बहुधा जुन्या फाँटमधला आहे, युनिकोडमधला नाही. डोळ्याला तो मराठी दिसतो, शोधयंत्राला सापडत नाही.

हे सगळं आधीच निस्तरायचं. वेचणीत कापसासोबत आलेला पाला पुढे काढणं महाग पडतं, तसंच नोंदीचं आहे. नोंदीला एकदा कायमचा दुवा मिळून लोकांनी तो संदर्भसूचीत वापरला, की घोळ दूरवर पोचलेला असतो.

धड्यांचा आवाज मी पहाटे रेकॉर्ड करतो. दिवसभर नागपूर-तुळजापूर रस्त्यावरचे ट्रक थांबत नाहीत. एका धड्यात एकच अडचण घेतो, म्हणजे मोबाइलच्या डेटावरही तो पूर्ण बघता येतो. सोबत एक पानाची पीडीएफ देतो, कारण लाइन गेली तरी टेबलावरचा कागद वाचता येतो.

असे धडे करणाऱ्यांना एवढंच सांगेन: शेवटी 'समजलं का?' विचारू नका. एक किचकट प्रबंध समोर ठेवा आणि गप्प बसा. नोंद अशीच का केली, हे शिकणाऱ्याला सांगता आलं तर धडा जमला. 'व्हिडिओत तसं दाखवलं होतं' एवढंच उत्तर आलं, तर धडा पुन्हा लिहायला घ्या.