मंचकी निद्रा

भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. घटस्थापनेला देवी पुन्हा सिंहासनावर बसते. त्या निद्रेला अंत असतो. आमच्या तात्यांच्या निद्रेला तो नव्हता.

सोलापूरहून येताना घाटात त्यांची मोटारसायकल घसरली. अंगावर फारसे खरचटलेही नव्हते. सारा मार डोक्याला. सोलापूरच्या डॉक्टरांनी समजावले, "मोठा मेंदू फार दुखावलाय. त्याखालचा देठ शाबूत आहे. श्वास तोच चालवतो, हृदयाची गती तोच सांभाळतो. म्हणून ते जगतील. ओळखतील की नाही, सांगता येत नाही."

महिन्याने तात्यांनी डोळे उघडले. "जागा झाला माझा लेक!" म्हणत आजी देवीची ओटी भरून आली. पण ते डोळे कुणावर ठरत नव्हते. झोपणे होते, उठणे होते, जाण नव्हती. नाकातल्या नळीने पातळ अन्न घालणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, आखडलेली बोटे एकेक करून सोडवणे, सारे काकू करी. मी अभ्यासाचे निमित्त काढून माडीवर जाई. खरे म्हणजे मला भीती वाटे.

एकदा वाचनालयात अरुणा शानबाग यांच्याविषयी वाचले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील ही परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्लेखोराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला आणि मेंदूला प्राणवायू मिळेना. त्यानंतर त्या साडेएक्केचाळीस वर्षे अंथरुणावर जगल्या. त्यांचे अन्न थांबवून त्यांना मरण येऊ द्यावे, ही मागणी २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. मात्र अशा रुग्णांचे उपचार कडक अटींवर थांबवता येतील, असेही त्याच निकालात सांगितले. परिचारिकांनी त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नव्हती. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने त्या गेल्या.

त्या रात्री मी खाली आले. काकू बसल्या जागी पेंगत होती. मी तात्यांच्या खांद्याखाली हात घातला. "हळू गं, डाव्या कुशीवर घे," काकू डोळे न उघडताच म्हणाली. तात्यांचा श्वास माझ्या मनगटाला लागला. ऊन होता.

दीड वर्षाने तात्याही न्यूमोनियानेच गेले. पाठ मात्र स्वच्छ होती.

आता भाद्रपदात देवीच्या गादीसाठी बायका कापूस पिंजू लागल्या की मला काकूचे हात दिसतात.