घरचं बियाणं आणि विकतचा गेम

ओपन सोर्स म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे फुकट का?" दुसराही ठरलेला, "मग त्या लोकांचं पोट कसं चालतं?" हे मला आयटीतल्या लोकांनीही विचारलंय. तेही ज्या लिनक्स सर्व्हरच्या जिवावर महिन्याचा पगार घेतात, त्याच्यासमोर बसून! चालायचंच. फुकट हा शब्दच असा आहे की तो कानावर पडला की पुढचं काही ऐकू येत नाही.

आज शनिवार, बाहेर जायचा कंटाळा, चहा झालाय. म्हटलं हा फुकटचा विषय एकदाचा निकालात काढावा. आणि त्यासाठी गेम्ससारखं उदाहरण नाही. ऑफिसचं सॉफ्टवेअर बंद पडलं तर आपण खाली टपरीवर जातो. गेम बंद पडला तर जीव कासावीस होतो.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला. आता अहिल्यानगर म्हणायचं, २०२४ मध्ये कागदोपत्री नाव बदललं. पण तोंडात अजून नगरच बसलंय, तेवढं सांभाळून घ्या. २००४ ते २००८ ही इंजिनिअरिंगची चार वर्षं जिल्ह्यातल्याच एका हॉस्टेलवर काढली. रात्री जेवण झालं की खोल्याखोल्यांतून लॅनच्या वायरी लोंबकळायच्या आणि काउंटर-स्ट्राइक सुरू व्हायचं. ज्यांना गोळीबार झेपायचा नाही ते एज ऑफ एम्पायर्समध्ये शेती करत बसायचे. लोडशेडिंगचे दिवस होते ते. ऐन रंगात आलेल्या राउंडमध्ये लाइट जायची आणि अख्ख्या बिल्डिंगमधून एकच शिवी निघायची. एवढी एकजूट आम्ही नंतर कधीच दाखवली नाही.

त्याच काळात उबुंटूवाले जगात कुठेही पोस्टाने सीडी पाठवायचे. शिपइट म्हणून योजना होती, २०११ मध्ये बंद झाली. आमच्याकडे २००६ मध्ये पाकीट आलं. सातशे एमबीची फाइल डाउनलोड करायची म्हणजे सायबर कॅफेवाल्याशी सोयरीकच करावी लागली असती, त्यामुळे या पाकिटाचं अप्रूप जाम होतं. पोस्टमनने दोनदा विचारलं, "परदेशातून आलंय, पैसे किती पडले?" काहीच नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. बघा, इथेही फुकटच!

आता खरं सांगायचं तर त्या लिनक्सवर खेळायला फार काही नव्हतं. बॅटल फॉर वेसनॉथ हा एक झकास होता. डेव्हिड व्हाइट नावाच्या माणसाने २००३ मध्ये सुरू केलेला, षटकोनी घरांच्या पटावर पाळीपाळीने चाली करायचा युद्धाचा खेळ. बाकी पेंग्विनला उड्या मारायला लावणं वगैरे. काउंटर-स्ट्राइकची सर कशालाच नव्हती, हे लिनक्सप्रेमी असूनही मान्य करायला माझी हरकत नाही. तरीही त्या पाकिटाची आठवण आज काढायचं कारण वेगळं आहे.

माझा भाचा संगमनेरला असतो, यंदा अकरावीला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या ओवाळणीचे पैसे साठवून त्याने एक गेम घेतला. नाव सांगत नाही, इंटरनेटशिवाय चालू न होणारा होता एवढं पुरे. त्यात गाड्या घेतल्या, त्या सजवल्या, मित्रांची टोळी जमवली. एक दिवस नोटीस आली की अमुक तारखेनंतर सर्व्हर बंद. तारीख आली, सर्व्हर बंद झाला, आणि डेस्कटॉपवर उरलं फक्त चिन्ह. मला फोन करून म्हणाला, "मामा, पण मी विकत घेतला होता ना?"

या प्रश्नाला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. म्हणजे कायद्याचं होतं. तू गेम घेतला नव्हतास बाळा, खेळायची परवानगी घेतली होतीस. पण चौदा वर्षांच्या पोराला हे सांगताना आपण त्या कंपनीचे वकील असल्यासारखं वाटतं.

आणि ही गोष्ट काही त्याच्या एकट्याची नाही. युबीसॉफ्टचा द क्रू हा गाड्यांचा गेम २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला, कारण तोही सर्व्हरशिवाय चालत नव्हता. त्यावरून युरोपात स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिच्या सह्यांनी १० लाखांचा आकडा ओलांडला. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली, ३० ऑक्टोबरला भारतातली सेवा थांबली. तिथे कारण सरकारी होतं, आणि ते बरोबर की चूक हा वाद वेगळा. पण खेळणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर चित्र तेच. बटण दुसऱ्याच्या हातात. स्टीमनेही २०२४ पासून पैसे भरायच्या पानावर स्पष्ट लिहायला सुरुवात केली की तुम्ही घेताय ते लायसन्स. प्रामाणिकपणा आवडला, मजकूर नाही.

आता याच्या उलट टोक बघा. डूम. १९९३ चा गेम. आयडी सॉफ्टवेअरने तो विकला, त्यावर बख्खळ कमावलं, आणि डिसेंबर १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड लोकांसमोर ठेवला. १९९९ मध्ये तो जीपीएल लायसन्सखाली आला. परिणाम काय, तर आज तीस वर्षांनंतरही डूम चालतो. नवीन कॉम्प्युटरवर, फोनवर, कॅमेऱ्यावर, कशावरही. छोटी स्क्रीन असलेलं यंत्र दिसलं की त्यावर डूम चालवून दाखवायचा, हा जगभरातल्या इंजिनिअर लोकांचा आवडता चाळा झालाय.

इथे एक बारकावा आहे. त्यांनी इंजिन मोकळं केलं. नकाशे, चित्रं, आवाज नाही. म्हणजे चूल दिली, शिधा नाही. मग लोकांनी फ्रीडूम नावाचा प्रकल्प काढून स्वतःचा शिधा आणला. क्वेक ३ चा कोड २००५ मध्ये मोकळा झाला तेव्हाही ओपनअरीना असाच उभा राहिला. दिसायला मूळ गेमइतके देखणे नाहीत हे. पण कुणाच्या ऑफिसातली मीटिंग त्यांना संपवू शकत नाही.

आता बियाण्याचं बोलू. विषयांतर वाटेल, पण आमच्याकडच्या माणसाला हेच उदाहरण आधी सुचतं. माझी आजी वालाचं, घेवड्याचं बी राखेत घोळवून गाडग्यात भरून ठेवायची. पुढच्या पावसाळ्यात तेच परसात. शेजारणीला हवं तर मूठभर तिलाही. मग हायब्रीड आलं. उत्पन्न वाढलं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण हायब्रीडच्या पिकातलं बी राखून पेरलं तर पुढची पिढी सारखी येत नाही, त्यामुळे दरवर्षी नवी पिशवी आणावी लागते. आणि कंपनीने ते वाणच बंद केलं तर? सर्व्हर बंद!

अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे गाव तुम्ही ऐकलं असेल, राहीबाई पोपेरे यांच्यामुळे. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावठी वाण घरात जपले, बाएफ संस्थेच्या मदतीने बियाणे बँक उभी केली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० सालची पद्मश्री मिळाली. मला सगळ्यात भारी वाटली ती त्यांची अट. बी न्या, पेरा, आणि पीक आलं की नेलं त्याच्या दुप्पट बी परत आणून द्या.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. अरे, हे तर लायसन्स आहे! जीपीएल तरी काय म्हणतं? कोड घ्या, वापरा, बदला, विकासुद्धा. पण दुसऱ्याला दिलात तर तुमचे बदल त्याच्या हातात तसेच मोकळे पडले पाहिजेत. फरक एवढाच की राहीबाई परत मागतात आणि जीपीएल पुढच्याला द्यायला लावतं. दोन्हींत फुकट हा मुद्दा कुठेच नाही. मुद्दा आहे साखळी तुटू न देण्याचा.

आणि हे नुसतं भावनेवर चाललेलं नाही, आपल्या देशात त्याला कायदा आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. वाण तयार करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, पण शेतकऱ्याला बी राखायचा, पुन्हा पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क आहे. फक्त ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही. २०१९ मध्ये पेप्सिकोने गुजरातमधल्या काही बटाटेवाल्या शेतकऱ्यांवर दावे ठोकले तेव्हा गदारोळ झाला आणि मे महिन्यात कंपनीने ते मागे घेतले. म्हणजे बटाट्याच्या बाबतीत आपण गेमच्या बाबतीत आहोत त्यापेक्षा बरेच पुढे आहोत :)

असो. ओपन सोर्सची आरती ओवाळायला बसलेलो नाही, म्हणून दुसरी बाजूही. बी गाडग्यात नुसतं ठेवून भागत नाही. दोन-चार वर्षं पेरलंच नाही तर उगवण जाते. कोडचंही तेच. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड प्रकरण झालं. फाइल्स दाबून लहान करायचं हे साधन लिनक्सच्या बहुतेक यंत्रणांत असतं आणि ते सांभाळत होता एक थकलेला माणूस, फावल्या वेळात. मदतीच्या नावाखाली कुणीतरी दोन वर्षं त्याचा विश्वास कमावला आणि आत चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि तो हात धुऊन मागे लागला. कोड उघडा होता म्हणून त्याला शोधता आलं, हे खरं. पण तो कोड आपण सगळे वापरत होतो आणि राखण एकटाच करत होता, हेही तितकंच खरं.

भांडणांचं म्हणाल तर ती आमच्या जिल्ह्याला शिकवायला नकोत. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आमच्याकडचा, तेव्हा सहकारही आमचा आणि त्यातलं राजकारणही. एक पॅनल फुटून दोन झाली की आम्ही चहा मागवतो. ओपन सोर्समध्ये त्याला फोर्क म्हणतात. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली, ओपनऑफिसच्या लोकांना भरवसा वाटेना, त्यांनी तोच कोड घेऊन लिब्रेऑफिस काढलं. आज लोक वापरतात ते हेच. मालक बदलला तरी सभासदांना आपला माल घेऊन बाहेर पडता आलं, हे महत्त्वाचं.

गेमच्या बाबतीत आता दिवस बरे आलेत. व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायला. त्याच्या पोटात आहे वाइन, जो प्रकल्प १९९३ पासून लोक नेटाने चालवतायत. २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक तर लिनक्सवरच चालतो. हॉस्टेलमधल्या त्या पेंग्विनच्या उड्या आठवल्या की हे स्वप्नच वाटतं. अर्थात चोरीछुपे खेळणाऱ्यांना पकडायला जी अँटी-चीट लावतात, तिच्यामुळे बरेच ऑनलाइन गेम अजून लिनक्सला दारातच उभं करतात.

माझं म्हणणं तसं साधं आहे. गेम बनवायला पैसा लागतो, कलाकार लागतात, त्यांनी विकावा आणि खुशाल कमवावं. मीही सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, फुकट वाटा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? पण दुकान बंद करून निघताना किल्ली आत टाकून कुलूप लावू नका. डूमवाल्यांनी आधी कमावलं आणि मग बी ठेवून गेले. तुम्ही कोड नाही दिलात तरी सर्व्हरचा प्रोग्राम तरी द्या, लोक स्वतःच्या खर्चाने चालवतील.

आणि आपण घेणाऱ्यांनीही पैसे भरायच्या आधी दोन प्रश्न विचारावेत. नेट नसताना हा चालेल का? कंपनी उद्या गेली तर माझ्याकडे काय उरेल? दोन्हींचं उत्तर नाही असेल तरी घ्या, मीही घेतो. फक्त सिनेमाचं तिकीट म्हणून घ्या, घरात भांडं आणलं असं समजू नका.

भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर आता लिनक्स आहे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि ११ त्या डबड्यावर चढेना, म्हणून टाकलं. तो ऑनलाइन गेमसाठी मित्राकडे जातोच, त्याला वैराग्य आलेलं नाही. पण मधल्या काळात त्याने फ्रीडूमसाठी एक नकाशा बनवलाय, त्यांच्या जुन्या वाड्याचा. माळवद, अंगण, न्हाणीघर, सगळं बैजवार. न्हाणीघरात राक्षस. वाडा गेल्या वर्षी पाडला, तिथे आता पार्किंग आहे. फाइल काही शे केबीची असेल. त्याने ती मला मेल केली, मी दोघा मित्रांना दिली, आणि ती आता चार ठिकाणी आहे.