परतीचं वल्हं

शर्यतीची होडी सर्वांत वेगात कधी धावते, हे काठावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारलं तर एकच उत्तर मिळेल: वल्हं पाण्यात रुतलेलं असतं आणि वल्हेकऱ्याची पाठ ताणलेली असते तेव्हा. दिसतंही तसंच. पण मोजायला गेलं की हिशेब उलटा निघतो. ओढ संपते, वल्हं पाण्याबाहेर येतं, वल्हेकरी सरकत्या बैठकीवर गुडघे दुमडत परत निघतो, आणि त्या रिकाम्या वाटणाऱ्या क्षणांत होडीचा वेग सर्वांत जास्त असतो. कारण साधं आहे. एकट्याने चालवायची शर्यतीची होडी नियमाप्रमाणे किमान 14 किलोची असते. तिच्यात बसणारा गडी सहज 80-90 किलोचा. तो बसतो पाठमोरा, जिकडे जायचं तिकडे पाठ करून. त्याचं जड अंग होडीच्या मागच्या टोकाकडे सरकू लागलं की पायाखालची हलकी होडी उलट्या दिशेला, म्हणजे शर्यतीच्या दिशेला, सटकते. बळ आधीच लावून झालेलं असतं. त्याचं फळ परतताना पदरात पडतं. परत येताना घाई केली, तर मात्र तेच जड अंग टोकाशी येऊन धडकतं आणि होडीला लगाम बसतो.

हे झालं पाण्यावरचं. आता हीच क्रिया पाण्यावाचून पुण्या-ठाण्याच्या हॉलमध्ये येऊन बसली आहे. साधारण आठ फूट लांब, दोन फूट रुंद. एका टोकाला जाळीच्या पेटीत पंखा, तिथून मागे गेलेला रूळ, रुळावर घरंगळणारी लहानशी बैठक आणि साखळीला जोडलेली मूठ. नाव रोइंग मशीन. विकणारे बोलतात ते ओढीविषयी: पाय, पाठ, खांदे, दंड, सगळं एका दमात. ते खोटं नाही. ओढीतला निम्म्याहून अधिक जोर पायांचा असतो, उरलेला पाठीचा आणि हातांचा; अंगातला एवढा ऐवज एकदम कामाला लावणारे व्यायाम थोडेच. तरीही माझं म्हणणं असं की घरी या यंत्रावर तब्येत कमवायची असेल, तर ओढीवर लक्ष ठेवून भागत नाही. कमाई परतीत आहे. परतायला जो शिकतो, त्याचंच यंत्र वर्षभराने चालू स्थितीत सापडतं.

एक वल्हं जवळून पाहू. पावलं पट्ट्यांत अडकवलेली, नडग्या जवळजवळ उभ्या, हात सरळ, अंग कंबरेतून किंचित पुढे कललेलं. खेळाडू याला ‘कॅच’ म्हणतात. वल्हं पाण्याला धरतं ती जागा. इथून आधी पाय रेटायचे, पाय सरळ होत आले की अंग मागे न्यायचं आणि शेवटी मूठ बरगड्यांच्या खालच्या कडेशी आणायची. परतताना क्रम उलटा: आधी हात, मग अंग, मग गुडघे. चुकतं ते इथेच. नवखा माणूस ओढून झाल्यावर गुडघे आधी उचलतो. मूठ अजून पोटाशीच असते, मग तिला गुडघ्यांवरून उडी मारावी लागते. साखळी सरळ रेषेत जायची सोडून कमान धरते. ही कमान दिसली की समजावं, घाई झाली. घाईने पुढे आलेलं अंग कॅचपाशी कोसळतं, पाठीचा कणा गोल होतो आणि पायांनी उचलायचा भार कंबरेवर येतो. वल्हेकऱ्यांच्या दुखण्यांत कंबरदुखी पहिल्या क्रमांकावर आहे, आणि दोष आपण ओढीला देत असलो तरी ओढ बिघडते ती तिच्या आधीच्या परतीत. म्हणून ठोका असा धरायचा: ओढीला एक मात्रा, परतीला दोन. तबल्याच्या भाषेत परत ही ‘खाली’ आहे. खालीत बोल हलके पडतात, पण ती गाळून समेवर येता येत नाही.

खुद्द यंत्रालाही ही खाली लागते. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात डिक आणि पीट ड्रायसिगॅकर हे भाऊ शर्यतीची वल्ही बनवत. तिकडे हिवाळ्यात नद्या गोठतात आणि वल्हेकऱ्यांचा सराव थांबतो. या भावांनी 1981 मध्ये सायकलचं चाक घेतलं, त्याला हवा कापणारी पाती लावली, आणि आज घरोघरी दिसणाऱ्या यंत्राचा पूर्वज तयार झाला. यात वजन नाही, स्प्रिंग नाही. पंख्याला हवा अडवते आणि आपण तो अडथळा ओढतो. पण हवा सगळीकडे सारखी नसते. महाबळेश्वरची विरळ, मुंबईची दाट. जाळीत धूळ साचली की आणखी वेगळी. मग आकडा खरा कसा यायचा? यंत्र ते परतीत ठरवतं. हात सैल सुटले की पंखा आपल्या गतीने मंदावू लागतो. तो किती लवकर मंदावतो यावरून त्या क्षणी हवेचा अडथळा किती, हे यंत्र दर वल्ह्याला नव्याने काढतं आणि त्या मापाने आपलं काम मोजतं. पेटीच्या बाजूला एक ते दहा आकड्यांचा खटका असतो. नवा गडी तो सरळ दहावर नेतो, जणू तिथे ताकद मिळते. तो खटका म्हणजे सायकलचा गिअर. दहावर ठेवलं की मालाने भरलेला पडाव ओढल्यासारखं जड लागतं, तीन-चारवर शर्यतीच्या होडीसारखं हलकं. पडद्यावर श्रेय मिळतं ते आपण लावलेल्या बळाचं, खटक्याचं नाही.

या बळाचा हिशेब कडक आहे. पाचशे मीटर जायला किती वेळ लागतो, त्याला ‘स्प्लिट’ म्हणतात. अडीच मिनिटांच्या स्प्लिटला साधारण 104 वॉट शक्ती लागते. दोन मिनिटांवर यायचं तर वेग सव्वापट होतो. शक्ती मात्र 203 वॉट, म्हणजे जवळपास दुप्पट. एक मिनिट चाळीस सेकंदांना 350. वेगाच्या घनाच्या पटीत शक्ती वाढते, हा पाण्याचा आणि हवेचा कायदा. होडीसाठी खरा तो पंख्यासाठीही. ऑस्ट्रेलियाच्या जॉश डंकली-स्मिथने 2018 मध्ये दोन हजार मीटर 5 मिनिटं 35.8 सेकंदांत पार केले, तेव्हा तो जवळपास सहा मिनिटं सरासरी 590 वॉट लावत होता. सामान्य माणसाने यातून घ्यायचा धडा व्यापाऱ्याचा आहे: शेवटचे दहा सेकंद फार महाग पडतात. थोडं मंद जाण्याने अंतर थोडंच कमी होतं, पण श्रम निम्म्यावर येतात, आणि वाचलेल्या श्रमांतून आणखी वीस मिनिटं निघतात, उद्याची बैठकही निघते.

‘हे झालं आळशाचं गणित,’ असं कुणी म्हणेल. तर मग आळशी नसलेल्यांकडे पाहू. 1970 ते 2001 या काळातल्या नॉर्वेच्या आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या वल्हेकऱ्यांच्या सरावाचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन दशकांत त्यांचा सावकाश सराव महिन्याला 30 तासांवरून 50 तासांवर गेला, आणि शर्यतीच्या किंवा त्याहून जोरातल्या वेगाचा सराव 23 तासांवरून सातेक तासांवर उतरला. त्याच काळात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे 12 टक्क्यांनी वाढली. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की सरावाचे एकूण तासही वाढले होते, निवडही अधिक कसून होऊ लागली असेल. सगळं श्रेय सावकाशीला देता येणार नाही. पण एवढं नक्की, की जोर कमी केल्याने ते मागे पडले नाहीत. जगात सर्वांत जोरात वल्हवू शकणारी माणसं आपला बहुतेक वेळ जोरात वल्हवत नाहीत. मग दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी मूठ हातात घेणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत का ओढावं?

यावरचा आक्षेप वजनदार आहे: वेळ कुणाकडे आहे? थोडक्या मिनिटांच्या जोरकस व्यायामानेही दमसास वाढतो, हे सिद्ध झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोमाचा व्यायाम सांगते. म्हणजे जोर लावला तर वेळ निम्मा, हे तीही मान्य करते. मला हे नाकारायचं नाही. आठवड्यातला एक दिवस जोराला द्यावा. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. पण निम्म्या वेळाचा हा फायदा हातात येतो तो माणूस पुन्हा पुन्हा बसला तरच. धाप लागली की आधी बिघडते ती परत, परत बिघडली की कंबर, आणि कंबर धरली की पंधरा दिवस यंत्राला हात लागत नाही. वाचवलेला वेळ असा व्याजासकट परत जातो. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत श्वास ठेवून आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास, हे माप म्हणूनच शहाणपणाचं.

दुसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा: चालायला काय झालं, सूर्यनमस्काराला काय झालं? लाखाच्या घरातलं यंत्र कशाला? खरं आहे, ज्याला रोज चालायला मिळतं त्याला यंत्राची गरज नाही, आणि सूर्यनमस्कारही श्वासाशी बांधलेला, परतीचा मान राखणारा व्यायाम आहे. एक गोष्ट तर चालण्यातच आहे: पायांवर शरीराचं वजन पडतं आणि हाडांना त्याची गरज असते. वल्हवताना वजन बैठकीवर असतं. गुडघे दुखणाऱ्याला तो दिलासा, पण हाडांसाठी चालणं किंवा वजनं उचलणं जोडीला हवंच. मात्र चालायला मिळतं का, हा प्रश्न उरतो. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. बायकांमध्ये हे प्रमाण 57 टक्के आहे, पुरुषांमध्ये 42. या पंधरा टक्क्यांच्या फरकात काळोखातला रस्ता आहे, गॅसवरचा कुकर आहे, ‘आत्ता कुठे निघालीस’ हा प्रश्न आहे. पहाटे पाचला किंवा रात्री साडेनवाला, पाऊस असो की चिखल, घरच्या कपड्यांत बसता येतं अशी जागा तिच्यासाठी चैन नव्हे. आठ फूट सलग जागा सगळ्यांकडे नसते, हेही खरंच. चांगली यंत्रं मधून सुटी होऊन भिंतीशी उभी राहतात, तेवढाच उतारा.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र यंत्राच्या पोटातूनच येतो. पाण्यावर घाई केली तर होडी लगेच शिक्षा करते. फरशीवरचं यंत्र जागचं हलत नाही, ते काहीच म्हणत नाही. उलट भराभर पुढे धावून मिनिटाला बत्तीस वल्ही मारली तर पडद्यावरचा आकडा सुधारतो. म्हणजे परतीचा धडा द्यायला इथे नदीच नाही. तळेगाव रोहीसारख्या टंचाईच्या गावातून आलेल्या, विहिरी खणलेल्या दत्तू भोकनळने सैन्यात गेल्यावर 2012 मध्ये वल्हं धरलं आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तो तेरावा आला. पाणी उशिरा भेटलं तरी त्याला शिकवायला पाणी होतं. घरातल्या माणसाला ते नाही. उपाय एकच: आकड्यांपैकी चुकीच्या आकड्यावरून नजर काढायची. मिनिटाला वल्ही वीसच ठेवायची, आणि त्या विसांत तोच स्प्लिट राखता येतो का, एवढं पाहायचं. ओढ आपोआप लांब आणि भरीव होते, कारण आता तिला मागून कुणी ढकलत नाही. नदी जे बाहेरून शिकवते, ते इथे स्वतःच स्वतःला शिकवावं लागतं. कोरड्या वल्ह्याची खरी उणीव हीच, आणि साधनाही.

घरात आलेलं यंत्र दोन महिन्यांत टॉवेल वाळत घालायची दांडी होतं, ही थट्टा सगळ्यांना ठाऊक आहे. टॉवेल पडतो तो आळसाने, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, तो बऱ्याचदा अतिउत्साहाने पडतो. ज्याने रोजची बैठक ही स्वतःशी शर्यत केली, त्याला उद्याची धास्ती वाटू लागते आणि धास्तीला निमित्त लगेच सापडतं. तेव्हा पडदा झाकून कानांनी वल्हवून पाहावं. ओढताना पंखा घुमतो, दाराच्या फटीतून वारा घुसावा तसा. मूठ पुढे गेली की तो आवाज उतरत जातो, आणि त्याखाली रुळावरच्या चाकांची बारीक घरघर ऐकू यायला लागते. ही घरघर शेवटपर्यंत एकसारखी, न दचकता ऐकू आली तर परत साधली. मग पाय रेटायचे.